परदेशातून: किल्ला निघाला फ्लोरिडाला

'द घोस्ट गोज वेस्ट' (1935) हा रने क्लेअरचा विनोदी सिनेमा मी दर दिवाळीत मुलांना दाखवते. स्कॉटलंडमधल्या ग्लौरी घराण्याचा वारस डोनल्ड कर्जात बुडालाय, घेणेकरी दारात बसलेत. एक अमेरिकी श्रीमंत त्याचा किल्ला विकत घेतो, दगड सुटे करून बोटीने फ्लोरिडाला नेतो. अठराव्या शतकात मेलेल्या मर्डॉकचं भूतही त्या दगडांसोबत निघतं. वारस आणि भूत, दोन्ही भूमिका रॉबर्ट डोनॅटच्या. नव्या जागी चिलखतात रेडिओ बसवलेला बघून मुलं खिदळतात. मला मात्र घेणेकरीच जास्त खरे वाटतात.

आणि दगड सुटे करून वास्तू हलवणं तर खरोखर घडलंय, इथे फ्लोरिडातच, आमच्या मायामीच्या उत्तरेला. स्पेनमधल्या सेगोव्हिया प्रांतातल्या बाराव्या शतकातल्या मठाच्या ओवऱ्या अमेरिकी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टने 1925 मध्ये विकत घेतल्या. दगड सुमारे 11,000 पेट्यांत, गवतात बांधून आले. तिकडे जनावरांत साथ होती, म्हणून इथल्या अधिकाऱ्यांनी पेट्या फोडून गवत जाळलं आणि दगड भलत्याच पेट्यांत भरले. पेट्यांवरचे आकडे कुचकामी झाले. हर्स्टच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये दुसऱ्यांनी ते घेतले आणि दीड वर्षाहून जास्त काळ जुळवत बसले. आता तिथे लग्नं लागतात. कमानी देखण्या आहेत, पण त्या मठाचं चर्च मूळ गावीच राहिलं.

2019 मध्ये गडांवर हॉटेलं काढायचा विषय निघाला तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला, आणि योग्यच झालं. पुण्याच्या पेठांतला वाडा पडतो तेव्हा मात्र सगळे वारसांना नावं ठेवतात. गळकं छप्पर, जुने भाडेकरू, नाममात्र भाडं आणि भावकीचे वीस हिस्से, यातून त्यांनी दुरुस्तीचे पैसे आणायचे कुठून? मी त्यांना दोष देणार नाही. दोष आहे तो परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या हिस्सेदारांचा. त्या वीसांतले चार-पाच तर इथेच, अमेरिकेत राहतात. कुलमुखत्यारपत्र पाठवतात, पैसे घेतात, आणि वाड्याचे सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब एखाद्या रेस्टॉरंटात दिसले की हळहळतात.

वाडा वाचवणं प्रत्येकाला जमणार नाही, हे मान्य. पण सही करण्याआधी चौकाची मोजणी, नकाशे, खांब-तुळयांचे फोटो, कोणता खांब कुठे होता याची नोंद एवढं करून घ्या. आणि त्याचा खर्च डॉलरमध्ये कमावणाऱ्यांनी उचलावा, पुण्यातल्या चुलतभावाने नव्हे.