आधी हिशेब करून यायचं ना!

आज संध्याकाळी महिन्याचा किराणा भरायला गेले होते. पगार झालेले, त्यामुळे काउंटरवर ही गर्दी. माझ्या पुढच्या ताईंचं बिल त्यांच्याजवळच्या पैशांपेक्षा दीडेकशे रुपये जास्त झालं. त्यांनी हातातली यादी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि शेंगदाण्यांचा पुडा बाजूला काढला. मग साबणाच्या दोन वड्या. तेवढ्यात मागून एक बाई बोललीच, "आधी हिशेब करून यायचं ना! सगळ्यांचा खोळंबा."

घरी येऊन दोन तास झाले, डोकं अजून तापलेलंच आहे.

अहो, अख्ख्या रांगेत हिशेब केला होता तो त्यांनीच! प्रत्येक जिनसापुढे पेन्सिलीने भाव लिहिलेला मी डोळ्यांनी पाहिला. तूरडाळ, तेल, गूळ, सगळ्यापुढे. भाव वाढले होते, त्यांची बेरीज चुकली नव्हती. हिशेब न करता आलो होतो ते आम्ही, दिसेल ते ट्रॉलीत टाकणारे.

माझी आई पाठकोऱ्या कागदावर यादी करायची. मध्ये एक आडवी रेघ. रेघेच्या वर डाळ, तांदूळ, तेल, चहा. रेघेखाली लिहायची 'जमल्यास'. मी सातवीत होते तेव्हा एकदा रेघेखाली काजू होते, पन्नास ग्रॅम, माझ्या वाढदिवसाच्या शिऱ्यासाठी. वाण्याकडे मीच गेले. त्याने बेरीज केली, मी पैसे मोजले, काजू राहिले. घरी येऊन आईला म्हणाले, "तुला साधा हिशेबही जमत नाही का?"

म्हणजे आज मागून जे ऐकू आलं, ते मी आधीच बोलून बसलेय.

ज्यांना हे काम सोपं वाटतं त्यांनी एक महिना करून बघावंच. भिजवलेल्या मुगांची सोमवारी उसळ, राहिलेले मंगळवारी खिचडीत. आज दोडक्याची भाजी, उद्या त्याच्याच शिरांची चटणी डब्यात. रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी. बाजार उठायच्या वेळेला जाऊन दोन जुड्या मेथी आणायची आणि त्याच रात्री निवडून ठेवायची, नाहीतर सकाळपर्यंत पिवळी पडते. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले, तेव्हा किती घरांत आमटीत गुपचूप आमसूल पडलं असेल आणि जेवणाऱ्यांना पत्ताही लागला नसेल! आणि वीस तारखेनंतर ताटावर बसून "आज परत पिठलं?" विचारणारे असतातच. त्यांना एकदा पाठवा वाण्याकडे.

तेलाचंच बघा. १ लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. आता तेवढ्याच दिसणाऱ्या पिशवीत ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, कुठे ७५० सुद्धा. ग्रॅममागे किती पैसे पडतात ते पाकिटावर छापलेलं असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरांत. ते चष्मा लावून वाचणारी बाई रांगेत हळू चालते, म्हणून तिला बोलायचं?

हो, काही घरांत उधळपट्टी होते, भाज्या फ्रिजमध्ये सडतात, मान्य. रांग अडली की मीही वैतागते, तेही मान्य. पण यादी हातात धरून उभ्या असलेल्या बाईला हिशेब शिकवायचा नसतो.

शेंगदाण्यांचे पैसे मी देते, असं म्हणायला पर्समध्ये हात गेला होता माझा. मग त्या दिवशी वाण्याच्या दुकानात मला कुणी काजू घेऊन दिले असते तर आईला काय वाटलं असतं, ते मनात आलं आणि हात मागे घेतला. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाहीये. त्या ताईंनी पिशवी उचलली, यादीची घडी करून कनवटीला खोचली आणि कुणाकडे न बघता गेल्या.

आत्ता आईला फोन केला. इतक्या वर्षांनी विचारलं, तेव्हाचे काजू आठवतात का गं? तिला काजू आठवेनात, महिना मात्र लख्ख आठवला. म्हणाली, "अगं, त्याच महिन्यात तुझी आत्या पोरांना घेऊन आठ दिवस राहायला आली होती ना. तिला कळू दिलं नव्हतं मी काही."

मला तरी कुठे कळू दिलं होतं.