क्लेम मात्र करायचा नाही

गाडीच्या इन्शुरन्सची तारीख जवळ आली की माझी काळजी सख्ख्या नातेवाइकांपेक्षा अनोळखी माणसांना जास्त वाटायला लागते. दात घासताना फोन, मीटिंगमध्ये फोन, कुणाच्या मयताला गेलो तर वैकुंठातही फोन. "सर, आपकी गाडी का इन्शुरन्स एक्स्पायर हो रहा है." मी मराठीत सुरू झालो की पलीकडचा मुलगाही "हां, बोला ना सर" म्हणून मराठीवर येतो, कारण बहुतेक वेळा तो पिंपरीतच बसलेला असतो. गाडीचा नंबर त्याला पाठ, मॉडेल पाठ, गेल्या वर्षीचा हप्ता पाठ. रक्तगट सोडला तर माझ्याबद्दल त्याला माहीत नाही असं काही उरलेलं नसतं.

मग ई-मेलवर रिन्यूअल नोटीस येते. यंदाची उघडली आणि थेट शेवटच्या ओळीवर गेलो. (हॉटेलचं बिल आणि इन्शुरन्सची नोटीस खालून वर वाचायची असते.) आकडा गेल्या वर्षीपेक्षा भरभक्कम वाढलेला. बायकोने चष्मा लावून स्क्रीन आपल्याकडे वळवला.

"अहो, गाडी आपलीच आहे ना ही?"

"आपलीच."

"आठ वर्षं होतील. मग जुनी झाली तसा हप्ता कमी नको का व्हायला?"

हा प्रश्न मी एजंटला विचारला. त्याने "मॅडमचा पॉइंट बरोबर आहे" असं म्हणून विषय बदलला. एजंट लोकांना हे फार छान जमतं.

गाडीची किंमत उतरते कशी, याचं कोष्टक मात्र चोख आहे. पहिल्या ६ महिन्यांत ५ टक्के गेले. वर्ष व्हायच्या आत १५. मग २०, ३०, ४० करत पाचव्या वर्षी निम्मी. पाच वर्षांनंतर कोष्टक हात वर करतं आणि किंमत कंपनी आणि मालक यांच्या 'परस्पर संमतीने' ठरते. ही संमती म्हणजे काय, तर वेबसाइटवर एका रेघेवर एक गोळा असतो, तो डावीकडे-उजवीकडे सरकवायचा. डावीकडे नेला की गाडीची किंमत, म्हणजे ती आयडीव्ही, उतरते आणि हप्ताही उतरतो. बायकोने गोळा डाव्या टोकाला नेऊन सोडला.

"अगं, उद्या चोरीला गेली तर एवढेच मिळतील."

"कोण चोरतंय?"

गाडी खाली पार्किंगमध्ये होती म्हणून बरं. मी गोळा गुपचूप मध्यावर आणून ठेवला.

लोकांना वाटतं थर्ड पार्टीमुळे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईच्या भागामुळे, हप्ता वाढतो. तो भाग तर सरकारच ठरवतं. २०२२ च्या जूनमध्ये त्याचे नवे दर आले, तेव्हा १५०० सीसीच्या वरच्या गाड्यांचा दर ७,८९० वरून ७,८९७ झाला. म्हणजे ७ रुपये वाढले. १००० सीसीच्या आतल्यांना २२ रुपये वाढले. आणि १००० ते १५०० च्या मधले जे आम्ही, त्यांचे ३,२२१ चे ३,४१६ झाले. वाढ १९५ रुपये. मध्यमवर्ग म्हणजे कोण यावर अर्थतज्ज्ञांच्या परिषदा भरतात. आरसी बुकावर बघा म्हणावं.

खरी मेख आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात, म्हणजे 'ओन डॅमेज'मध्ये. २००७ च्या जानेवारीत टॅरिफ, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधलेलं दरपत्रक, उठलं आणि या भागाचा दर कंपन्या आपापल्या अकलेने ठरवायला लागल्या. त्यात गाड्याही शहाण्या झाल्या. वडिलांच्या फियाटला पुढे एक चकचकीत लोखंडी बंपर होता. कुठे धडकला तर समोरच्याची चौकशी करावी लागे. आता बंपर प्लॅस्टिकचा, त्यात सेन्सर, मागच्यात कॅमेरा आणि हेडलाइट अख्खा एक सीलबंद नग. आत बल्ब एवढासा, पण बदलायचा तर पूर्ण नग. पार्ट्सच्या किमती चढल्या की हप्ता चढणारच, एवढं मलाही कळतं. कळून फायदा काय, हा प्रश्न वेगळा.

त्यात आम्ही पुण्याचे. जुन्या टॅरिफने देशाचे दोन झोन केले होते आणि 'अ' झोनमध्ये फक्त आठ शहरं होती: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे. पुण्याला कुणीतरी मुंबईच्या बरोबरीने बसवलं याचा आनंद होतो, तो हप्ता भरेपर्यंत टिकतो. माझा मेहुणा साताऱ्याचा, गाडी एमएच ११. दर दिवाळीला तो विचारतो, "दाजी, तुमचा किती बसला हो?" फरक खरं तर किरकोळ असतो, पण त्याचा चेहरा पाहिला की वाटतं याने माझ्या पैशावर घर बांधलंय.

जीएसटीची तर गंमतच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. गाडीवरचे १८ टक्के जागच्या जागी. मी घरी बसून राहिलो तर करमाफी, बाहेर पडलो की कर.

ॲड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जादा पैसे भरून लावायच्या जोडण्या, हा प्रकार मी दरवर्षी नव्याने शिकतो. चावी हरवली तर एक, टायर फुटला तर एक. 'कन्झ्युमेबल्स' म्हणून एक आहे. त्यात नटबोल्ट, ऑइल, कूलंट वगैरे येतं. म्हणजे ते घेतलं नाही तर गाडी दुरुस्त करून मिळते, नटबोल्ट आपले आपण आणायचे! झिरो डेप, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून पैसे न कापणारं ॲड-ऑन, मात्र कामाचं. ते नसेल तर प्लॅस्टिक-रबराच्या पार्टचे निम्मेच पैसे मिळतात, आणि हल्लीची गाडी बाहेरून चाचपून बघा, प्लॅस्टिक नाही असं हाताला काय लागतं? पण गाडी जुनी झाली, म्हणजे पार्ट मोडायचे दिवस आले, की आमच्या कंपनीची वेबसाइट झिरो डेपचा चौकोन करडा करून टाकते. त्यावर टिक करता येत नाही. मी जोर लावून पाहिला.

इंजिन प्रोटेक्ट मात्र मी सोडत नाही. पुण्यात २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने आणि २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याला मुठेने जे दाखवलं, त्यानंतर पार्किंग या जागेवरचा माझा विश्वास उडालाय. यातली ग्यानबाची मेख अशी की गाडी पाण्यात बुडाली तर साधी पॉलिसी चालते, पण बुडालेल्या गाडीची चावी फिरवलीत, इंजिनाने पाणी ओढलं आणि आतला रॉड वाकला, तर तो खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. म्हणून पाणी शिरलं की चावी फिरवायची नाही, गाडी टो करून न्यायची. आमच्या घरात हे मनाच्या श्लोकांनंतर पाठ करून घेतलेलं एकमेव वाङ्मय.

आता मूळ दुखण्याकडे येतो. नो क्लेम बोनस, अर्थात एनसीबी. वर्षभर क्लेम केला नाही की ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट. मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं सलग गप्प बसलात तर ५०. एक क्लेम केला की सगळं शून्यावर. पॉलिसी संपून ९० दिवस झाले तरी शून्यावर. आमचा एनसीबी ५० वर आहे. सासूबाईंच्या पाटल्यांसारखा तो आहे: लॉकरमध्ये आहे हे माहीत असणं, एवढाच त्याचा उपयोग.

बंपरला पहिला मोठा तडा गेला तेव्हा गॅरेजवाल्याने साडेसहा हजार सांगितले. मी म्हटलं, क्लेम टाकू, त्यासाठीच तर भरतोय. बायकोने दूधवाल्याच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. समजा, सूट वगळता ओन डॅमेजचा हप्ता ९,००० आहे. क्लेम केला तर पुढच्या वर्षीची निम्मी सूट गेली, ४,५०० तिथेच. त्यापुढच्या वर्षी ५० ऐवजी २०, म्हणजे २,७०० गेले. मग २,२५०, मग १,३५०, मग ४५०. परत ५० वर चढेपर्यंत एकूण ११,२५०, वर जीएसटी. शिवाय क्लेमच्या वेळी आपल्या खिशातले सक्तीचे हजार वेगळेच.

"म्हणजे साडेसहा हजार वाचवायला अकरा हजार घालवायचे," ती म्हणाली, "असा तुमचा विचार आहे?"

माझा काही विचार नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे इन्शुरन्स असतो, तो भरला जातो, आणि वापरला जात नाही. गाडीला खरचटलं की आम्ही नाना पेठेत जातो. तिथे एक डेंटिंग-पेंटिंगवाले चाचा आहेत. ते पत्र्याच्या आतून लाकडी ठोकळा लावतात, बाहेरून हलके हलके हातोडी मारतात, मग अंगठा फिरवून डोळे मिटतात. अंगठ्याला खड्डा लागला नाही की झालं. "रंग थोडा हलेगा," एवढं आधीच सांगून टाकतात. तो हललाच आहे. आमच्या गाडीवर पांढऱ्या रंगाच्या सध्या चार छटा नांदतात आणि उन्हात उभी केली तर कोणता दरवाजा कोणत्या सालचा ते सांगता येतं.

क्लेम करणाऱ्यांचं काय होतं तेही मी पाहिलंय. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी हिय्या करून केला. सर्व्हेअर आला त्या दिवशी वर्कशॉपला मीही सोबत गेलो, कारण दुसऱ्याचा क्लेम पाहण्यासारखा विरंगुळा नाही. सर्व्हेअर तरुण, अबोल. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, उकिडवा बसला, पुढच्या बंपरवरची चीर नखाने खरवडली आणि नख नाकाशी नेऊन पाहिलं. मग मागच्या दरवाज्याच्या खड्ड्याचा फोटो काढला.

"काका, अपघात किती झाले?"

"एकच. खांबाला घासली."

"पुढचा बंपर खांबाला लागला. मग मागचा डावा दरवाजा?"

काका थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. "मग... खांब तिथूनही गेला असेल ना."

सर्व्हेअरने शांतपणे 'जुने नुकसान' असं लिहिलं. दोन जखमा, दोन अपघात, दोन क्लेम, हजाराची कात्री दोनदा. काकांनी दरवाजा तसाच ठेवला आणि वर्षभर सगळ्यांना ती बाजू भिंतीकडे करून गाडी लावायचं महत्त्व सांगितलं.

हप्ता कमी करायच्या अधिकृत वाटाही मी धुंडाळल्या. जुन्या टॅरिफप्रमाणे एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर अडीच टक्के सूट, पण ५०० रुपयांच्या वर नाही. गाड्या तपासणारी ही एआरएआय संस्था इथेच, आमच्या वेताळ टेकडीवर. फिरायला जाताना मी त्यांच्या कुंपणाकडे आशेने पाहतो. दुसरी वाट म्हणजे नुकसानीतले पहिले २,५०० आपण होऊन सोसायचं कबूल करायचं. त्याला २० टक्के, तेही ७५० पर्यंतच. क्लेम तर कधी करायचाच नाही, मग सोसायला काय जातंय? हा एकच व्यवहार मला नफ्याचा वाटला आणि म्हणून मी पॉलिसी दोनदा वाचून काढली, कुठे काही फसतंय का बघायला. नाही फसत. घ्या.

बाकी जे काही सुटतं ते घासाघीस करूनच. एका कंपनीचा रेट दुसऱ्या एजंटला सांगायचा, त्याचा तिसऱ्याला. मात्र आयडीव्ही आणि ॲड-ऑन सगळीकडे सारखे ठेवायचे. स्वस्त कोटेशनमध्ये गाडीची किंमत हळूच पाडलेली असते. आणि रात्री बारापर्यंतचाच म्हणून जो रेट सांगतात, तो सकाळीही मिळतो. कधी कधी आणखी शंभर कमी होऊन मिळतो.

असा घासून घासून हप्ता भरला आणि त्याच आठवड्यात अलका चौकात एक रिक्षा आम्हाला मागून टेकली. मोठं काही नाही, बंपरचा कोपरा. रिक्षावाला खाली उतरला, कोपरा पाहिला आणि उदारपणे म्हणाला, "इन्शुरन्स असंल ना साहेब? टाका की क्लेम."

माझ्या शेजारचं दार उघडलं. बायको उतरली. तिने आवाज चढवला नाही. रिक्षाच्या बॉनेटवर, म्हणजे जिथे असायला हवं होतं तिथे, पर्स ठेवली आणि वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास अशा पायऱ्या त्याला समजावून सांगितल्या. ११,२५० चा हिशेब बोटांवर करून दाखवला. मागे बस हॉर्न देत होती. सिग्नल एकदा सुटून परत लागला. रिक्षातल्या पॅसेंजर आजी बाहेर डोकावून "आणि जीएसटी?" म्हणाल्या.

रिक्षावाल्याने पाचशेची नोट काढून दिली. पण गेला नाही. खिशातून मोबाइल काढून त्याने स्क्रीन तिच्यापुढे धरली.

"ताई, माझाबी जूनमध्ये संपतोय. प्रत्येक शिटामागं वेगळं लावत्यात. एजंट लुटतोय का बघा ना जरा."

तिने पर्समधून चष्मा काढला. मी मागच्या बसवाल्याला हात दाखवून गाडीत जाऊन बसलो आणि इंजिन बंद केलं, कारण झोन पाहिल्याशिवाय ती काही उठणार नव्हती.