फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२: माझ्या टिपणातील वाक्याबद्दल खुलासा

विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या माझ्या टिपणातील ‘मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमियात फॉलिक अ‍ॅसिड दिले की हिमोग्लोबिन वाढते’ हे वाक्य सध्या ‘म्हणून बी-१२ तपासण्याची गरज नाही’ अशी पुस्ती जोडून फिरत आहे. (मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणजे फोलेट किंवा बी-१२ या जीवनसत्त्वांच्या कमतरतेने होणारा, मोठ्या व अपक्व रक्तपेशींचा रक्तक्षय; फॉलिक अ‍ॅसिड हे फोलेटचे औषधी रूप.) पुस्ती माझी नाही. वाक्य अर्धवट सोडण्याची चूक मात्र माझीच आहे.

बी-१२ कमी असतानाही फॉलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या मात्रेने रक्तातील दोष सुधारू शकतो, कारण डीएनए तयार होण्यास लागणारे फोलेट त्यातून मिळते. परंतु बी-१२च्या अभावी होणारी मज्जारज्जूच्या मागील व बाजूच्या स्तंभांची (मज्जातंतूंच्या जुडग्यांची) हानी चालूच राहते. पायाच्या अंगठ्यावर टेकवलेल्या १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचे (कंपन-चिमट्याचे) कंपन रुग्णाला जाणवत नाही, हे या हानीचे लक्षण हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून कधीच कळणार नाही. रक्तात मोजता येणाऱ्या दोन पदार्थांपैकी होमोसिस्टीन फोलेट व बी-१२ या दोन्हींच्या कमतरतांत वाढते, मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड मात्र बी-१२च्या कमतरतेत वाढते, एवढा भेद परीक्षेपुरता नव्हे तर ओपीडीतही उपयोगी पडतो.

रक्तविकारांच्या संशोधक डॉक्टर लूसी विल्स यांनी १९३१ साली मुंबईतील गर्भवती स्त्रियांचा अ‍ॅनिमिया यीस्टच्या अर्काने सुधारल्याचे प्रसिद्ध केले. तो अ‍ॅनिमिया फोलेटशी निगडित होता, त्यामुळे त्या दाखल्यावरून प्रत्येक रुग्णाला एकटे फॉलिक अ‍ॅसिड देणे योग्य ठरत नाही. कटाक्षाने शाकाहारी, दूधही न घेणारा किंवा अनेक वर्षे मेटफॉर्मिन (मधुमेहाचे औषध) घेणारा रुग्ण असेल, तर त्याला बी-१२ कमी असण्याची शक्यता असते, म्हणून आधी बी-१२ तपासावे, आणि कमतरता असल्यास बी-१२ची भरपाई फॉलिक अ‍ॅसिडच्या आधी सुरू करावी.

पुस्ती जोडलेला तो मजकूर कृपया पुढे पाठवू नये. ज्या गटांत तो गेला असेल, तिथे हा खुलासा टाकावा.