खोलीचं तापमान, पण कुठल्या खोलीचं?

नमस्कार. म्हशीचा स्टेक, फ्रिजमध्ये गार केलेली पोर्तुगालची रेड वाइन आणि मसालेदार बटाटे अशा जेवणावरच्या माझ्या पोस्टला रात्री दीड वाजता एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. बाकीच्यांसाठी तिचा गोषवारा: रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवणं हा अडाणीपणा, स्टेकबरोबर फ्रान्सची बोर्डो वाइनच हवी, पोर्तुगालच्या आलेंतेजोची मवाळ वाइन म्हणजे पोरखेळ, गोव्याच्या रेशाद मसाल्यातले बटाटे शेजारी वाढणं हा तर गुन्हाच, आणि 'पोर्टवर (म्हणजे गोड वाइनवर) वाढलेल्या गोवेकरांनी' या भानगडीत पडू नये.

पोर्टवर वाढलो, कबूल. आमच्याकडे दुकानात स्वस्तात मिळते ती गोड 'पोर्ट' आणि पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली पोर्ट यांचं नातं नावापुरतंच, हेही कबूल. पण त्याने जीभ कायमची बाद होत नाही हो.

आता फ्रिज. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम तुम्ही ठणकावून सांगितलात. फ्रेंचांचा 'शांब्रे' हा शब्द तळघरातली गार बाटली जेवणाच्या खोलीत आणून ठेवण्यासाठी आहे. ती खोली जुन्या दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. आमची म्हापशाची खोली मे महिन्यात, रात्री नऊ वाजता, पंखा पाचवर ठेवूनही एकतीस अंश होती. पहिली बाटली मी नियमाप्रमाणे तशीच उघडली होती. ग्लास नाकाशी नेला तर फळाबिळाचा पत्ता नाही, नुसता अल्कोहोलचा भपकारा. शेजारच्या मित्राने एक घोट घेतला आणि विचारलं, "हें कितें रे, खोकल्याचें वखद?" दुसरी बाटली सव्वा तास फ्रिजमध्ये ठेवली. त्यानंतर कुणी औषधाचं नाव काढलं नाही. ग्लासात थोडी थोडीच ओतावी लागते, कारण इथे ती बघता बघता तापते.

बोर्डोबद्दल तुमचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे, पण पुस्तकातला स्टेक वेगळा. त्यात मांसाच्या आतपर्यंत चरबीच्या रेषा असतात. बोर्डोत वापरतात त्या कॅबर्ने द्राक्षांच्या सालीतलं तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. चरबीचा घास आला की तो कोरडेपणा निवतो. आमच्या ताटात होता म्हशीचा अंडरकट, म्हणजे कण्याखालचं मऊ मांस. (गोव्यात गोहत्येला १९७८ पासून बंदी आहे.) म्हशीच्या मांसात चरबी मुळात कमी, त्यात अंडरकट म्हणजे जवळजवळ नाहीच. अशा घासावर तरणी, करकरीत टॅनिनची बोर्डो ओतली की कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळतं. आलेंतेजो हा पोर्तुगालचा उन्हाने भाजून निघणारा दक्षिण भाग. तिथली द्राक्षं चांगली पिकतात, वाइन गोलसर, तोंड न आवळणारी उतरते. मी ती निवडली ती पोर्तुगीजांच्या प्रेमापोटी नव्हे.

अंडरकटला पाऊण तास आधी मीठ लावलं होतं, बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला होता, आणि शेवटी लोण्याचा मोठा गोळा टाकून वितळलेलं लोणी चमच्याने मांसावर सोडत राहिलो. जी चरबी मांसात नव्हती ती अशी बाहेरून दिली. मिठानेही वाइनचा कडवटपणा दबतो. तुमच्याकडे मवाळ वाइन नसेल आणि कॅबर्नेच उघडायची असेल, तर या दोन गोष्टींत हात आखडू नका.

राहिले बटाटे. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. रेशादमध्ये लाल मिरची आणि व्हिनेगर. मिरचीच्या जाळावर साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, आणि एवढ्या आंबट घासानंतर वाइन पाणचट लागते. पोस्टमध्ये मी 'बाटली कधी संपली कळलंच नाही' असं लिहिलं होतं. ती संपली नव्हती. बटाटे ताटात आले तसे सगळे एकेक करून बिअरकडे वळले, आणि सकाळी ओट्यावर अर्धी बाटली उघडीच सापडली.