पायगुण, पस्तिशी आणि सरासरी: एका फॉरवर्डला उत्तर

सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय, ‘कसोटी फलंदाजीची पाच कटू सत्यं’. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. सत्यं अशी: अस्सल फलंदाज पहिल्या दहा कसोट्यांत कळतो. महान खेळाडूचा फॉर्म कधी जात नाही, फॉर्म हे सामान्यांचं निमित्त. पस्तिशीनंतर खेळणारे तरुणांची जागा अडवतात. सरासरी पाहिली की बाकी काही पाहायला नको. आणि लग्न झालं की फलंदाज संपतो. जाताजाता टी-ट्वेंटीलाही एक शिवी हासडलेली आहे.

असले मजकूर मी एरवी वाचून सोडून देते. हा माझ्या मामीपर्यंत पोचला. मामेभाऊ क्लबकडून खेळतो, या मोसमात त्याचे लागोपाठ चार डाव वाया गेलेत, आणि लवकरच त्याचं लग्न आहे. मामीनं फोनवर विचारलं, “हे खरं असतं का गं? म्हणजे तिचा पायगुण वगैरे...” पुढचं मी तिला बोलू दिलं नाही. म्हणून सुरुवात पाचव्या सत्यापासूनच करते.

पुरावा म्हणून मजकुरात एकच नाव आहे, विराट कोहली. लग्न झालं आणि शतकं थांबली, असं ठोकून दिलंय. तारखा बघण्याची तसदी लिहिणाऱ्यानं घेतलेली नाही, ती आपण घेऊ. लग्न डिसेंबर २०१७ मध्ये झालं. त्यानंतरच्या २०१८ सालात कोहलीनं १३ कसोट्यांत १३२२ धावा काढल्या, सरासरी ५५.०८. त्यातल्या ५९३ इंग्लंडमध्ये, पाच कसोट्यांत. याच इंग्लंडमध्ये २०१४ साली, ब्रह्मचारी असताना, त्याच्या दहा डावांत मिळून १३४ धावा झाल्या होत्या. कारकिर्दीतली सर्वोच्च खेळी, नाबाद २५४, ऑक्टोबर २०१९ मध्ये पुण्यात. शतकं थांबली ती नोव्हेंबर २०१९ मधल्या कोलकात्याच्या शतकानंतर. म्हणजे लग्नाला जवळजवळ दोन वर्षं होऊन गेल्यावर. दोन वर्षं उशिरा लागू होणारा हा पायगुण कुठल्या पंचांगात दिलाय?

एकच उदाहरण घेतलं असं कुणी म्हणू नये. राहुल द्रविडचं लग्न मे २००३ मध्ये झालं. त्याच ऑक्टोबरात अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्ध २२२, डिसेंबरात ॲडलेडला २३३ आणि नाबाद ७२, पुढच्या एप्रिलमध्ये रावळपिंडीला २७०. चेतेश्वर पुजाराचं लग्न फेब्रुवारी २०१३ मध्ये झालं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यानं हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०४ केल्या. हळद उतरायच्या आत द्विशतक.

मला राग येतो तो या तर्कातल्या सोयीचा. २०१५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात कोहली १ धावेवर बाद झाला आणि अनुष्का शर्माला शिव्या पडल्या. तेव्हा तर त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी कोहलीनं जाहीरपणे लिहून या लोकांची लाज काढली, तरी मजकूर फिरतोच आहे. फलंदाज अपयशी झाला की घरातली बाई दोषी. द्विशतक झाल्यावर बायकोचे आभार मानणारा एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही. आणि हे वाचून एखाद्या घरात नव्या सुनेकडे चार डावांच्या हिशेबानं बघितलं जाणार असेल, तर हा क्रिकेटचा विषय उरत नाही.

मग कोहलीची शतकं आटली कशानं? २०२० ते २०२२ या तीन वर्षांत त्याची सरासरी २६.२० होती, हे खरंच आहे. पण शेजारी बघा. पुजारानं जानेवारी २०१९ मध्ये सिडनीला १९३ केल्या, त्यानंतरचं शतक थेट डिसेंबर २०२२ मध्ये. अजिंक्य रहाणेनं डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला ११२ केल्या, तेच त्याचं शेवटचं कसोटी शतक. तीन, चार आणि पाच क्रमांकावरचे तिघेही एकाच काळात घसरले. तिघांची लग्नं एका मांडवात लागलेली नव्हती. तिघांना समान होत्या त्या खेळपट्ट्या. घरी पहिल्या दिवसापासून वळणारा चेंडू, बाहेर इंग्लंड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत शिवणीवर पडून हलणारा. माझं मत असं की २०१९ पासून कसोटी अजिंक्यपदाच्या गुणांमुळे निकाल लागतीलच अशा खेळपट्ट्यांची ओढ वाढली, आणि मधल्या फळीनं त्याची किंमत मोजली. शिवाय कोहलीची ऑफ स्टंपबाहेरची जुनी खोड होतीच. २०१४ मध्ये इंग्लंडचा गोलंदाज अँडरसननं ती उघडी पाडली, नंतर कोहलीनं उभं राहण्याची पद्धत आणि पुढे टाकायचं पाऊल बदलून ती झाकली, आणि वय वाढलं तशी ती परत डोकावली. ही कारणं कंटाळवाणी आहेत, मान्य. पायगुणाइतकी चटकदार नाहीत.

आता ‘महान खेळाडूचा फॉर्म जात नाही’. मजकुरात इथे सचिन तेंडुलकरचं नाव आहे, आणि ते वाचून मी खरंच कपाळावर हात मारला. २००३ सालातले सचिनचे कसोटी डाव क्रमानं असे: ८, ७, ५५, १, ०, १, ३७, ०, ४४. नऊ डाव, १५३ धावा, सरासरी १७. वर्ष बदललं आणि सिडनीला त्यानं नाबाद २४१ केल्या, त्याही कव्हर ड्राइव्ह जवळजवळ म्यानात ठेवून, कारण त्या मालिकेत तोच फटका घात करत होता. मग टेनिस एल्बो, शस्त्रक्रिया, पुढच्या वर्षी खांद्याची शस्त्रक्रिया. २००६ मध्ये सरासरी २४.२७. त्या वर्षी खुद्द वानखेडेवर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि एका इंग्रजी दैनिकानं ‘एन्डुलकर’ असा मथळा छापला. चार वर्षांनी, २०१० मध्ये, त्यानं १५६२ धावा आणि ७ शतकं केली. ज्याचा फॉर्म कधी गेलाच नाही तो हाच का?

ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचं नाव काढलं नाही हे शहाणपण म्हणायचं. तोही ८० डावांत ७ वेळा भोपळ्यावर गेला, शेवटच्या डावातला भोपळा तर जगाला पाठ आहे.

इथे थोडं गणित करू या, कारण ‘तीनदा लागोपाठ फेल म्हणजे संपला’ हे वाक्य या मजकुराच्या आधीपासून आपल्या जिभेवर आहे. समजा एका फलंदाजाची सरासरी ५० आहे आणि बाद होण्याची शक्यता त्याच्या प्रत्येक धावेला सारखीच आहे. तो साधारण तीनातल्या एका डावात २० च्या आत बाद होईल. त्याच्यात काही बिघडलेलं नसताना. असे लागोपाठ तीन डाव येण्याची शक्यता सत्तावीसात एक. दोनशे डावांच्या कारकिर्दीत असा पट्टा चार-पाच वेळा यायलाच हवा. लागोपाठ पाच डाव वाया जाण्याची पाळीसुद्धा अशा दहा कारकिर्दींपैकी चारांमध्ये नुसत्या योगायोगानं येते. प्रत्यक्षात आकडे याहून वाईट असतात, कारण नवा आलेला फलंदाज जमलेल्या फलंदाजापेक्षा लवकर बाद होतो. नजर बसायला वेळ लागतो म्हणतात तो हाच.

हे माझ्या मनचं नाही. ऑकलंड विद्यापीठाच्या ऑलिव्हर स्टीव्हन्सन आणि ब्रेंडन ब्रुअर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न धरून काम केलंय. लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात २०२१ साली त्यांचा निबंध आला. फलंदाजाची क्षमता हा एक स्थिर आकडा आहे हे गृहीतकच त्यांनी सोडून दिलं. एकाच डावात नजर बसत जाते तशी क्षमता वाढते, हा एक बदल. वय आणि निरनिराळ्या परिस्थितींतला अनुभव यांमुळे ती डावागणिक, वर्षागणिक वरखाली होते, हा दुसरा. दोन्ही धरून मांडणी केली की फलंदाजाचा अंदाज नुसत्या सरासरीपेक्षा आणि आयसीसीच्या क्रमवारीच्या गुणांपेक्षाही नीट बांधता येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे फॉर्म नावाची गोष्ट आहे. फक्त चार डावांवरून ती आली की गेली हे कुणालाच सांगता येत नाही, मामीला नाही आणि निवड समितीलाही नाही.

‘पहिल्या दहा कसोट्यांत कळतं’ या सत्याची रवानगी पटकन करता येईल. श्रीलंकेच्या मार्वन अटापट्टूचे पहिले सहा डाव: ०, ०, ०, १, ०, ०. पुढे ५५०२ धावा आणि सहा द्विशतकं. इंग्लंडचा ग्रॅहम गूच पदार्पणात दोन्ही डावांत शून्यावर, अखेर ८९०० धावा. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉला पहिल्या शतकासाठी २७ वी कसोटी उजाडावी लागली, मग मधे संघातून काढलं, आणि जागा दिली ती त्याच्याच जुळ्या भावाला. निवृत्त झाला तेव्हा ३२ शतकं. खुद्द ब्रॅडमनला १८ आणि १ अशा पहिल्या कसोटीनंतर पुढच्या कसोटीत बाहेर बसवलं होतं. उलट बाजूनंही बघा. सुनील गावसकरनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या, चार शतकं ठोकली. पाचवं शतक कधी? १९७४ मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डला. तीन वर्षं. त्या मधल्या काळात हा मजकूर लिहिणारा निवड समितीवर नव्हता हे आपलं भाग्य.

पस्तिशीचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, आणि ते मला नाइलाजानं मान्य करावं लागतंय. बहुतेकांची उतरण त्या सुमारास लागते. सचिनचं ५१ वं शतक जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला झालं, त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं तो खेळला आणि कसोटी शतक झालं नाही. सेहवागचा, पाँटिंगचा शेवटही आपण पाहिलाय. त्या काळात एखाद्या तरुणाची जागा अडली असेल, यावर मी वाद घालणार नाही.

पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळे’ नव्हेत. मिसबाह उल हक छत्तिशीत पाकिस्तानचा कर्णधार झाला आणि चाळीस ओलांडल्यावर अबू धाबीला ५६ चेंडूंत कसोटी शतक केलं. गूचनं लॉर्ड्सवर आपली धुलाई करत ३३३ आणि १२३ केल्या, तेव्हा त्याला ३७ वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. जॅक हॉब्जनं ४६ व्या वर्षी मेलबर्नला शतक काढलं. जो रूटची तिशी भरली तेव्हा १७ कसोटी शतकं होती, २०२४ संपताना ३६. आणि उतरण लागली की ती नीट आखलेल्या रस्त्यासारखी दिसते असंही नाही. द्रविडनं २०११ च्या इंग्लंड दौऱ्यात, ३८ व्या वर्षी, बाकीची फलंदाजी कोसळत असताना ४६१ धावा आणि तीन शतकं केली. त्यानंतर काही महिन्यांतच ऑस्ट्रेलियात आठ डावांत १९४ धावा झाल्या, सहा वेळा त्रिफळा उडाला, आणि मार्चमध्ये त्यानं निवृत्ती घेतली. ऑगस्टमध्ये त्याला वयावरून घरी बसवायला कोण धजावलं असतं?

सरासरीबद्दल फार लिहायची गरज नाही. विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२०, सचिनची ५३.७८. सरासरी हेच संपूर्ण सत्य असेल तर मजकूर लिहिणाऱ्यानं हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवावं. कांबळीच्या पहिल्या सात कसोट्यांत ७९३ धावा होत्या, उरलेल्या दहांत २९१, आणि वयाच्या २३ व्या वर्षी शेवटची कसोटी. ५४.२० हा आकडा यातलं काहीच सांगत नाही. कुमार संगकारा यष्टिरक्षण करताना चाळिशीच्या सरासरीनं खेळला, ग्लोव्हज उतरवल्यावर ६६ च्या वर. त्याचा ५७.४० हा दोन वेगळ्या कामांचा मिळून आकडा आहे. कोहलीचंही तेच, पुण्याच्या त्या द्विशतकानंतर ५५.१०, निवृत्त होताना ४६.८५.

राहिली टी-ट्वेंटीला दिलेली शिवी. डेव्हिड वॉर्नर ऑस्ट्रेलियाकडून टी-ट्वेंटी खेळला तेव्हा त्यानं एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेला नव्हता. पुढे ११२ कसोट्या, ८७८६ धावा, २६ शतकं. आणि भारताकडून एकही आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी न खेळलेल्या पुजाराचं शतक जवळजवळ चार वर्षं अडलं ते कशानं, हे त्या लेखकानं पुढच्या फॉरवर्डमध्ये, आपलं नाव घालून, सांगावं.