खुलासा: गरोदरपणी धडधडीच्या गोळ्या परस्पर बंद करू नका

कोथरूड, सिंहगड रोडकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘दिवस राहिले की हृदयाच्या ठोक्यांच्या गोळ्या थांबवा, ठोके ताळ्यावर आणायला छातीवर विजेचा शॉक दिला तर बाळ दगावतं, सिझेरियनच करावं लागतं.’ तिन्ही चूक.

गोळी अचानक सोडली तर ठोके पुन्हा उसळू शकतात, बाळाचा रक्तपुरवठा घटू शकतो. मेटोप्रोलॉल ही ठोक्यांची गोळी बहुधा चालूच ठेवतात. अ‍ॅटेनोलॉलने बाळाची वाढ खुंटू शकते, अमिओडॅरोनचा त्याच्या थायरॉइडवर परिणाम होतो; या दोन गोळ्या डॉक्टर बदलून देतात. मेसेजमधलं अर्धसत्य एवढंच. एसव्हीटीत, म्हणजे ठोके अचानक फार वेगाने पडू लागतात तेव्हा, आधी कुंथायला लावतात, मग ठोके ताळ्यावर आणणारं अ‍ॅडेनोसिन हे औषध ६ मिलिग्रॅम शिरेतून झटक्यात देतात. रक्तदाब कोसळला तर शॉक कोणत्याही महिन्यात देतात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून. बहुतेकींची प्रसूती नैसर्गिकच होऊ शकते.

धडधडीबरोबर चक्कर, धाप, छातीत दुखणं असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, १०८ लावा. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.