पर्यावरणप्रेमी कंपनी दिसण्याचे सोपे उपाय

यंदा 5 जूनला बडोद्यातील आमच्या कारखान्यात मी ज्या खड्ड्यात कडुनिंबाचे रोप लावले, त्याच खड्ड्यात गेल्या वर्षीही मीच लावले होते. त्या अनुभवाच्या बळावर संचालक महोदयांस हे चार शब्द सादर करतो.

सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) समिती अवश्य नेमावी आणि तिचे काम जाहिरात विभागाकडे सोपवावे. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के खर्च करावेच लागतात, तेव्हा ते फोटो चांगला येईल तेथेच करावेत. स्वतःचे सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च त्यात धरता येत नाही, मग त्याची घाई कशाला?

कंत्राटी कामगारांना हातमोजे फोटोपुरते द्यावेत.

पर्यावरण अधिकारी नेमून त्याला उत्पादन प्रमुखांच्या हाताखाली ठेवावे, हा सर्वांत मोलाचा सल्ला. ज्यांचा बोनस टनांवर ठरतो, त्यांनाच ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) बिघडल्यावर उत्पादन थांबवावे काय असे विचारावे, म्हणजे उत्तराची वाट पाहावी लागत नाही. ईटीपीच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या दुरुस्तीची माझी टिपणी मार्चमध्ये निघाली, खरेदी विभागातून तीन कोटेशनांसाठी परत आली, मग वित्त विभागाने ती पुढच्या तिमाहीवर ढकलली आणि त्याच आठवड्यात गुळगुळीत कागदावरचा शाश्वतता अहवाल एका सहीत मंजूर झाला. हवा मिळाली नाही तर टाकीतले सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतात व ते पुन्हा वाढवायला कित्येक आठवडे जातात. (त्यांना तिमाही कळत नाही.) येथील उद्योगांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी 1983 पासून सुमारे 56 किलोमीटरच्या चॅनेलमधून मही नदीच्या मुखाकडे जाते. प्रक्रियाच अर्धवट असेल, तर त्या चॅनेलच्या काठच्या शेतकऱ्याने तुमचा अहवाल वाचून समाधान मानावे काय?

साहेब, ब्लोअर अजून बंद आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2022-23 पासून मोठ्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीचा केलेला बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांचा अहवाल) तुम्ही वेळेवर भरता, धोरण भिंतीवर लावता, पण "यंत्र बंद करा" असे म्हणण्याचा अधिकार खालच्या माणसाला देत नाही. हा अधिकार द्यायला पैसा लागत नाही आणि कायदाही आडवा येत नाही. तो कोणी खरोखर वापरेल, याचीच तुम्हाला धास्ती आहे. पुढच्या वर्षी रोप लावायला मला बोलावू नका. खड्डा कोठे आहे, ते माळ्याला ठाऊक आहे.